पंचांगातला चंद्र आणि आकाशातला चंद्र

संकष्टी चतुर्थीच्या रात्री चेन्नईतील मराठी घरांच्या गच्चीवर एक लहानसा वाद हटकून होतो. गावाहून आणलेल्या पंचांगात चंद्रोदय नऊ वाजून चाळीस मिनिटांनी दिलेला असावा, आणि साडेनऊच्या आतच चंद्र शेजारच्या माडाच्या झावळ्यांतून वर आलेला दिसावा. मग उपास आता सोडावा, की पंचांगाची वेळ पाळावी? वडील माणसे पंचांगाच्या बाजूची, मुले चंद्राच्या बाजूची. नोकरीनिमित्त या नगरीत आलो तेव्हा आम्हीही पंचांगाच्याच बाजूचे होतो.

वस्तुतः दोष कोणाचाच नव्हे. चेन्नई पुण्याच्या पूर्वेस सुमारे ६.४ अंश रेखांशावर आहे. अंशास चार मिनिटे या हिशेबाने पुण्यासाठी दिलेल्या वेळेच्या सुमारे २६ मिनिटे आधी येथे चंद्र उगवतो. अक्षांशातील अंतरामुळे त्यात आणखी थोडा फरक पडतो, इतकेच. चतुर्थी मात्र पुण्यास व येथे एकाच क्षणी लागते व एकाच क्षणी संपते. कला सर्वांची एक, उदय ज्याच्या त्याच्या गावचा. हा भेद ध्यानी आला की चंद्राच्या वृद्धिक्षयाचे मर्म निम्मे उलगडले, असे म्हणावयास हरकत नाही.

पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्र झिजतो, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. सावलीचा संबंध केवळ चंद्रग्रहणाशी आहे. एरवी चंद्राचा अर्धा गोल सदैव उजळलेलाच असतो. त्या उजळ अर्ध्याचा किती भाग आपल्याकडे वळला आहे, एवढेच दिवसागणिक बदलते. मुंबईकरांनी चौपाटीवर द्वितीयेची कोर मावळत्या सूर्यापाठोपाठ समुद्रात उतरताना पाहिलेली असते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नेमके उलट दृश्य दिसते: पौर्णिमेच्या सायंकाळी पाठीमागे नगराआड सूर्य बुडत असतो आणि समोर समुद्रातून पूर्ण बिंब वर येते. सूर्याजवळचा चंद्र कोरीएवढा आणि सूर्यासमोरचा चंद्र पूर्ण, हा सिद्धांत आपल्या देशाच्या दोन किनाऱ्यांनी जणू वाटून घेतला आहे.

हे ज्ञान नवे नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट सांगितले की, आरशावर पडलेले ऊन जसे घरातील अंधार घालविते, तसे चंद्रावर पडलेले सूर्यकिरण रात्रीचा अंधार घालवितात. कारण उमगले होते. अवघड होते ते गणित. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते, आणि अशा तीस तिथींचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा भरतो. परंतु चंद्राची चाल सारखी नाही. तो पृथ्वीच्या निकट असता वेगाने धावतो, दूर असता मंदावतो. शिवाय सूर्याच्या आकर्षणाने त्याच्या गतीत आणखी फेर पडतात. म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते.

या चंचल गतीस धरून ठेवण्याची दक्षिणेतील युक्ती मोठी कौतुकास्पद होती. चंद्र पृथ्वीच्या निकट येण्याची नऊ आवर्तने जवळजवळ २४८ दिवसांत पुरी होतात. तेवढ्या दिवसांची चंद्रस्थाने अक्षरांना अंकांचे मूल्य देऊन २४८ वाक्यांत गोवलेली असत. मद्रासच्या वेधशाळेचे काम काही वर्षे पाहिलेल्या जॉन वॉरनने १८२५ साली मद्रासेत ‘कालसंकलित’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाँडिचेरीच्या एका पंचांगकर्त्याने जमिनीवर कवड्या मांडून, कोष्टके तोंडपाठ म्हणत, त्या वर्षीच्या ३१ मेच्या रात्रीचे चंद्रग्रहण त्यास गणून दाखविले होते. सिद्धांत त्या गृहस्थास ठाऊक नव्हता. तरीही स्पर्शात चूक अवघ्या ४ मिनिटांची होती. मध्यात मात्र ती २३ आणि मोक्षात ५२ मिनिटांची झाली. पाठांतराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एका उदाहरणात एकवटली आहेत. पाठ कितीही शुद्ध असला तरी आकाशाशी तो कोणीतरी पुनःपुन्हा ताडून पाहावा लागतो.

हे काम ज्याने हाती घेतले तो मद्रास वेधशाळेतील एक सहायक होता. ईस्ट इंडिया कंपनीची ही वेधशाळा १७९२ साली नुंगम्बाक्कम येथे उभी राहिली. चिंतामणी रघुनाथाचारी पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले. तेथे नोकरीस लागून ते प्रथम सहायकाच्या पदापर्यंत चढले. १८६७ साली त्यांनी रेटिक्युलम समूहातील एक रूपविकारी तारा शोधून काढला. १८७२ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. परंतु आमच्या मते त्यांचे थोर कार्य निराळेच. ज्या घराण्याची विद्या पाठांतराची, त्यातील या पुरुषाने वेधांशी जुळणारे ‘दृग्गणित पंचांग’ काढले, आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी संवादरूप पुस्तिका लिहून सामान्य माणसासही आकाशाकडे पाहावयास बोलाविले.

नवल असे की, त्याच सुमारास पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे हेच काम करीत होते. त्यांचे पटवर्धनी पंचांग १८६५ पासून निघू लागले. एक तमिळ देशी, एक महाराष्ट्रात. दोघांचाही आग्रह एकच, की कागदावर मांडलेला चंद्र आकाशात दिसला पाहिजे. विरोधही सारखाच झाला. जुने नियमवाक्य ‘बाणवृद्धी रसक्षय’, म्हणजे तिथी साठ घटिकांहून फार तर पाच घटिका वाढते वा सहा घटिका घटते. नव्या गणिताने ती वाढ सात व घट दहा घटिकांपर्यंत जाऊ लागली. मग एकादशी कोणती, श्राद्धतिथी कोणती? ज्याने बापाचे श्राद्ध आयुष्यभर एका नियमाने केले, त्यास तो दिवस चुकीचा होता असे सांगणे सोपे नव्हते. त्याच्या शंकेस हसणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु ज्या पूर्वजांच्या नावाने ही मंडळी जुन्या नियमास चिकटून राहिली, त्यांनीच कधीकाळी आकाश पाहून तो नियम बांधला होता, हेही विसरून चालणार नाही.

रघुनाथाचारी १८८० साली वारले, केरोपंत १८८४ साली. महाराष्ट्रात पुढे दृक्-गणिताचाच पक्ष बलवान ठरला. तमिळनाडूत ‘वाक्य’ व ‘तिरुक्कणित’ अशी दोन्ही पंचांगे आजही छापली जातात, आणि एकाच गल्लीतील दोन घरांची तिथी क्वचित एका दिवसाने वेगळी असते. वेधशाळेचे मुख्य काम १८९९ साली कोडैकानलला गेले. नुंगम्बाक्कमच्या हवामान कार्यालयाच्या आवारात तिचा जुना ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. एके काळी त्यावर दुर्बीण बसविली जात असे.

सरकारी कचेरीत दिवसभर कागदास कागद जुळविणाऱ्या आम्हां मंडळींना रघुनाथाचारी विशेष जवळचे वाटावेत. तेही नोकरदारच होते. परंतु कागदावरचा अंक बरोबर आहे की नाही, हे ठरविण्यासाठी ते दुसरा कागद न काढता बाहेर येऊन वर पाहत. आमच्या गच्चीवरचा वाद तेव्हापासून मिटला आहे. तिथी पंचांगात पाहावी, चंद्र आकाशात पाहावा आणि मोदकाचे ताट उगाच निवू देऊ नये.