टिकलीचे बटण

आमच्या घरात विजेची आठ बटणे एका ओळीत बसवली आहेत. सगळी जुळ्या भावंडांसारखी! एकवीस वर्षे या घरात काढूनही पंखा लावायला गेलो की माझ्या हातून हटकून दिवा विझतो. गेल्या दिवाळीत तो विझला तेव्हा सासरे जेवत होते. त्यांचा हात भाताऐवजी आमटीत गेला. "वेंधळेपणा, दुसरं काय!" असा निकाल हिने दिला आणि मीही तो निमूट मानला.

पुढे वाचनात एक हकिगत आली आणि कळले, की असले वेंधळे अमेरिकेच्या हवाई दलातसुद्धा होते. दुसऱ्या महायुद्धात बी-17 ही बाँबफेकी विमाने सुखरूप उतरत आणि मग धावपट्टीवरच फतकल मारून बसत. पंखांच्या झडपा मिटायच्या सोडून वैमानिक चाकेच पोटात घेई! शेरा ठरलेला : वैमानिकाची चूक.

1943 च्या सुमारास हे कोडे अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञापुढे आले. मानसशास्त्रज्ञ म्हटला की तो आधी आपले बालपण उकरणार, असे आपल्याला वाटते. या गृहस्थाने वैमानिकांची बालपणे सोडून त्यांच्या पुढ्यातल्या कळा पाहिल्या. झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारीशेजारी, दिसायला सारख्या! सी-47 विमानात त्या तशा नव्हत्या, तिथे हा घोटाळाही नव्हता. मग चाकांच्या कळीवर छोटे रबरी चाक बसले, झडपांच्या कळीवर पाचर. न बघता बोटांना कळावे! चाकाच्या आकाराची ती मूठ विमानांत आजही असते.

1947 मध्ये फिट्स आणि जोन्स या दोघांनी वैमानिकांच्या 460 चुका तपासल्या. जवळजवळ निम्म्या एका कळीऐवजी दुसरी ओढल्याच्या! आज फोनच्या पडद्यावर कुठले बटण कुठे असावे याची चिंता वाहणारे जे शास्त्र आहे, त्याच्या पूर्वजांत ही मंडळी येतात.

हे सगळे मी हिला मोठ्याने वाचून दाखवले.

"म्हणजे दोष बटणांचा. तुमचा काहीच नाही?"

"चारशे साठ चुका, अगं!"

तिने कपाळावरची टिकली काढून पंख्याच्या बटणावर चिकटवली. चार महिने पंखा बिनचूक लागला. परवा ती टिकली गळून पडली. हिने लगेच नवी लावली, शेजारच्या बटणावर.

मी काही बोललो नाही.