आधी पेलणारा, मग चढणारा

मकर संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते आणि मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, शहरातून मिरवत निघतात. तीन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तरी त्यांच्याहून उंच भरेल अशी ही काठी पांढऱ्या बाराबंदीतला भक्त पेलतो आणि गर्दीतून वाट काढत चालतो. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्याजवळचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होमविधी हा सगळा क्रम काठ्यांच्या सोबतीने पार पडतो. पाहणाऱ्याच्या मनात श्रद्धा दाटून येते, ते योग्यच आहे. पण या श्रद्धेच्या पोटात एक शारीरिक विद्याही जपली गेली आहे: माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जाणारा भार तोल न जाऊ देता उभा धरण्याची. आज शाळांच्या संमेलनात मुले मनोरे रचतात, गोविंदा थर लावतात, महाविद्यालयांत चीअरलीडिंगचे स्टंट आता ओळखीचे होऊ लागले आहेत. या सगळ्यांच्या सुरक्षिततेची चर्चा मात्र गादी, हेल्मेट आणि न्यायालयाचे आदेश यांच्या पुढे सरकत नाही. सोलापूरचा अनुभव वेगळे सांगतो. अपघात टाळणारी पहिली गोष्ट शिकण्याचा क्रम ही आहे. साधने त्यानंतर येतात.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांच्याशी विवाह करण्याचा ध्यास घेतलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची परवानगी दिली, अशी आख्यायिका आहे, आणि नंदीध्वज त्या योगदंडाचे प्रतीक मानले जातात. त्याच शतकाच्या पूर्वार्धात या मुलखावर सत्ता असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या तयारीचे वर्णन आहे आणि मल्लस्तंभाचा, म्हणजे मल्लखांबाच्या पूर्वजाचा, उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार दूर नाही. या दोन गोष्टींत थेट नाते जोडण्याचे कारण नाही; एक राजदरबारातली, दुसरी भक्तीतली. पण एवढे निश्चित म्हणता येते की उभ्या खांबाशी शरीराचे नाते जुळवण्याची कल्पना या प्रदेशाला आठशे वर्षांहून जुनी आहे. उंचीवरच्या कसरती आणि त्यांचे शिस्तबद्ध शिक्षण ही परदेशातून नुकतीच आलेली वस्तू आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

काठी पेलण्याचे यंत्रशास्त्र जवळून पाहण्यासारखे आहे. उंच काठीचा जडपणा वर असतो, म्हणून ती कलते तेव्हा सुरुवातीला सावकाश कलते. पेलणाऱ्याला तेवढी उसंत मिळते. त्या उसंतीत तो हातांनी काठी ओढत बसला तर ती दुसऱ्या बाजूला झुकते. त्याऐवजी तो पाय हलवून स्वतःच काठीच्या खाली सरकतो. तोल हात राखत नाहीत, पाय आणि कंबर राखतात; नजर वर असते आणि पायांना रस्ता आपोआप उमगावा लागतो. काठीच्या टोकाला नागफणी, म्हणजे नागाच्या फण्याची सजावट, चढवल्यावर वरचा भार वाढतो आणि तेव्हा काठी पेलणे हे खऱ्या कसोटीचे काम मानले जाते. असे अंगवळण दोन-चार दिवसांत येत नाही, म्हणूनच यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव चालतो. जुने जाणते उभे राहून नवख्यांना शिकवतात, दमलेल्या माणसाकडून काठी काढून घेतात, आणि भोवती चालणाऱ्यांची नजर काठीच्या टोकावर खिळलेली असते. पेलणारा एकटा दिसला तरी तो एकटा नसतो. सरावाचा काळ मिरवणुकीच्या काळापेक्षा मोठा असतो, आणि कोणी कधी पेलायचे हे बघ्यांच्या टाळ्या ठरवत नाहीत. या परंपरेचा गाभा मला या दोन गोष्टींत दिसतो.

दुसरा धागा तालमीचा. 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, तिच्या मागोमाग इतर गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर कुटुंबे आली, आणि कष्टकऱ्यांच्या या शहरात पेठापेठांतून तालमी रुजल्या. सोलापूरची गणेशोत्सवाची आणि शिवजयंतीची मिरवणूक आजही लेझमीच्या ताफ्यांवरून ओळखली जाते. ते ताफे तालमींनी आणि मंडळांनीच घडवले. महाराष्ट्रभरच्या तालमींत मल्लखांबाची जी पद्धत रूढ झाली तिचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. त्या पद्धतीत क्रम ठरलेला असतो. आधी सलामी आणि पकड, मग साध्या अढ्या, मग दसरंग, आणि वरच्या बोंडावरचे तोलाचे प्रकार त्यानंतर. त्यातही उतरणी हा शिक्षणाचा वेगळा भाग आहे: वर जाण्याइतकेच खाली येणेही नेमके आणि देखणे असावे लागते. आखाड्याच्या हौदातली तांबडी माती रोज फावड्याने उकरून भुसभुशीत केली जाई, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळली जाई. पडणाऱ्याला ती सावरून घेई. आजच्या गादीचे काम ती करत होती, फक्त तिला कोणी सुरक्षा-साधन म्हणत नसे. हे ज्ञान तोंडीच राहिले असेही नाही. बडोद्याहून 1936 ते 1949 या काळात दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश प्रसिद्ध झाला, आणि तालमीतल्या गोष्टी कागदावर आल्या.

शिकण्याचा इतका पक्का क्रम हाताशी असताना मग बिघडले कुठे? उत्तर दहीहंडीच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. मुंबई-ठाण्याची चांगली गोविंदा पथके गुरुपौर्णिमेपासून सराव करतात. त्यांच्या खालच्या थरातल्या माणसांना आपले काम उत्तम कळते. पण बक्षिसांचे आकडे फुगले, एका दिवसात ट्रकमधून अनेक हंड्या गाठण्याची चढाओढ लागली, आणि वरच्या थरासाठी हलक्या वजनाची लहान मुले शोधली जाऊ लागली. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून 43.79 फुटांचा जागतिक विक्रम नोंदवला. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली आणि 18 वर्षांखालील मुलांना मनाई केली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच मर्यादा लागू ठेवली. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन काढून वयाची अट 14 वर्षांवर आणली. हा वाद उंचीभोवती आणि वयाभोवती फिरला, कारण कायद्याला मोजता येणारी गोष्ट लागते. पण अर्धवट शिकलेल्या पथकाचे पाच थर मुरलेल्या पथकाच्या सात थरांपेक्षा धोक्याचे असू शकतात, हे त्या मोजमापात येत नाही. माझा रोख न्यायालयांवर नाही; लहान मुलांना वाचवण्यासाठी वयाची अट हवीच. ती पुरेशी नाही, एवढेच म्हणणे आहे.

बाहेरचे जगही याच ठेचेने शहाणे झाले. स्पेनमधल्या कातालोनियात माणसांचे मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे. 2010 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे 2006 मध्ये मनोऱ्यावरून पडून एका बालिकेचा मृत्यू झाला आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. त्याच वर्षी अमेरिकेत बास्केटबॉलच्या मैदानावर विद्यापीठातली एक चीअरलीडर मनोऱ्यावरून पडून जखमी झाली, आणि गादी नसलेल्या टणक जमिनीवर उंच मनोरे व उंच फेकी करण्यावर बंधने आली. दोन्ही ठिकाणी दुखापत आधी आली, नियम नंतर. तरी कातालोनियाच्या मनोऱ्याचा खरा आधार हेल्मेट नाही. तळाशी दाटीने उभा राहणारा शेकडो माणसांचा गराडा आहे. तो भार वाहतो आणि वरून पडणाऱ्याला झेलतो. तिथेही सुरक्षितता खालूनच सुरू होते.

यावर कोणी म्हणेल की काठी आणि माणूस यांची तुलनाच चुकीची आहे. काठीला भीती नसते, ती वळवळत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातूनच मुद्दा अधिक पक्का होतो. चीअरलीडिंगमध्ये वर उभ्या राहणाऱ्या मुलीला पहिली शिकवण हीच मिळते की अंग ताठ ठेवायचे, तोल सावरायला हातपाय मारायचे नाहीत. सावरणे हे खालच्यांचे काम. वरची आणि खालचे एकाच वेळी सावरायला गेले की चूक दुप्पट होते. म्हणजे वर चढणाऱ्याने काही अंशी काठीसारखे व्हावे लागते, आणि पेलणाऱ्यांवर तेवढा विश्वास बसेपर्यंत त्याला वर पाठवण्यात अर्थ नसतो. एक फरक मात्र खरा आहे आणि तो विसरून चालणार नाही. काठी पडू लागली तर माणसे बाजूला होतात. माणूस पडू लागला तर पुढे सरकावे लागते. पुढे सरकण्याची ही सवय नंदीध्वजाकडून मिळत नाही. ती वेगळी शिकावी लागते आणि ती सर्वांत आधी शिकावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तालमीत मोडलेल्या हातापायांची नोंद कोणी ठेवली? परंपरा सुरक्षित वाटते कारण तिच्या दुखापती विस्मरणात गेल्या. हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून जुने ते सगळे निर्धोक होते असा दावा इथे नाही. दावा शिकवण्याच्या रचनेबद्दल आहे, आणि ती रचना आजही डोळ्यांनी तपासता येते: सोपे पक्के झाल्यावर कठीण, उतरणी चढणीच्या बरोबरीने, आणि नकार देण्याचा अधिकार जाणत्याकडे. तिसरा आक्षेप असा की नंदीध्वजाचा मान परंपरेने ठरलेला, तालीम पुरुषांची. आजच्या मुलींनी त्यातून काय घ्यावे? मान कोणाचा हा समाजरचनेचा प्रश्न आहे, पद्धत कोणती हा शिक्षणाचा. मल्लखांबाने हे दाखवून दिले आहे. पुरुषांच्या आखाड्यात वाढलेल्या त्या विद्येचा दोरीचा प्रकार आज मुली स्पर्धांतून लीलया करतात, आणि त्यासाठी क्रम मोडावा लागला नाही.

खांद्याच्या उंचीवर माणूस धरता येऊ लागला, आता हात पूर्ण वर ताणून धरायचे, अशा मधल्या टप्प्यावरच्या संघाला या इतिहासातून थेट धडा मिळतो. हाच टप्पा सर्वांत फसवा, कारण आत्मविश्वास आलेला असतो आणि अंगवळण अजून मुरलेले नसते. तिथे पेलणाऱ्यांची जोडी आणि मागे उभा राहणारा राखणदार वारंवार बदलू नये. वरून खाली घेणे आणि झेलणे कमी उंचीवर बिनचूक झाल्याशिवाय उंची वाढवू नये. नवा प्रकार गादीवर, जाणत्या प्रशिक्षकासमोर आणि ताज्या अंगाने करावा. दमल्यावर ‘आणखी एकदा’ म्हणू नये. कोणीही ‘खाली’ म्हटले की वाद न घालता खाली घ्यावे. आणि कार्यक्रमाची तारीख जवळ आली म्हणून एक थर वाढवण्यापेक्षा एक थर कमी करण्याची हिंमत शिक्षकात असावी. सोलापूरच्या शाळा-महाविद्यालयांना हे परक्या पुस्तकातून उसने आणावे लागत नाही. ज्या शहरात नंदीध्वज पेलण्याआधी सराव करणे हा भक्तीचाच भाग समजला जातो, त्या शहरात मुलांना अपुऱ्या तयारीने वर चढवण्याला काहीही सबब उरत नाही. संमेलनात मनोरा ठेवायचा असेल तर त्याच्या तळाची तयारी शाळा उघडते त्या जूनमध्येच सुरू व्हायला हवी. तेवढा वेळ देता येत नसेल तर त्या वर्षी मनोरा कार्यक्रमपत्रिकेत घालू नये.