निजलेल्या श्वासाचा पहारेकरी

श्वास हें जिवंतपणाचें लक्षण खरें. पण निजलेल्या माणसास स्वतःच्याच श्वासाची वार्ता नसते. झोपेंत तो थांबला आणि पुन्हां सुरू झाला, तरी सकाळीं त्यास कांहींच आठवत नाहीं. घोरणें म्हणजे गाढ निद्रा, हा समज तर आमच्याही घरांत वर्षानुवर्षें नांदत होता. म्हणूनच श्वासविकारांचा इतिहास हा जितका उपचारांचा, तितकाच साक्षीदारांचा आहे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८१८ मध्यें डब्लिन येथील डॉक्टर जॉन चेन यांनीं एका साठ वर्षांच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा श्वास पाव मिनिट अगदीं बंद पडे. मग मंदपणें सुरू होऊन क्रमाक्रमानें जोराचा होई, आणि पुन्हां ओसरून थांबे. हें आवर्तन सुमारें एका मिनिटाचें असे. पुढें १८५४ सालीं त्याच नगरींतील विल्यम स्टोक्स यांनीं या श्वासाचा संबंध दुर्बल हृदयाशीं जोडला. तेव्हांपासून त्यास या दोघांचें नांव मिळालें. परंतु वैद्य उठून गेला कीं साक्षही संपे.

अखंड साक्षीचें साधन निर्माण झालें तें मात्र हृदयासाठीं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें शल्यवैद्य सेनिंग यांनीं एल्मक्विस्ट यांनीं बनविलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रोग्याच्या शरीरांत बसविला. तें पहिलें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें. पण लार्सन यंत्रें बदलीत २००१ पर्यंत जगले, आणि शल्यवैद्य व यंत्रकार या दोघांच्याही मागें राहिले.

पुढें असें लक्षांत आलें कीं, छातींत हवा भरली म्हणजे तिचा विद्युत्प्रवाहास होणारा विरोध वाढतो, व हवा सुटली म्हणजे तो घटतो. म्हणून पेसमेकरनें अतिसूक्ष्म प्रवाह सोडून हा चढउतार मोजावा, आणि रोगी चालूं लागला, धापा टाकूं लागला, कीं ठोके वाढवावे, अशी योजना झाली. पण दिवसाची धांप मोजणाऱ्यास रात्रींचा खंड कां मोजतां येऊं नये? या विचारांतून तेंच यंत्र निद्रेंतील श्वासाची नोंद ठेवूं लागलें.

येथें एक मोह उत्पन्न झाला. २००२ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्यांनीं पंधरा रोग्यांवरून दाखविलें कीं, रात्रीं हृदयाचे ठोके थोडे जलद ठेवल्यास श्वासखंड निम्म्याहूनही कमी होतात. पहारेकरीच वैद्य झाला, असें क्षणभर वाटलें. परंतु घसा मिटून होणाऱ्या श्वासखंडांविषयीं १९०५ नव्हे, तर अवघ्या तीन वर्षांनीं, २००५ सालीं झालेल्या परीक्षांत ही आशा टिकली नाहीं. शिवाय घसा मिटला असतां छाती हवेसाठीं धडपडतच राहते. त्यामुळें केवळ छातीच्या हालचालीवरून केलेला निवाडा फसूंही शकतो. म्हणून संशय आला कीं रोग्यास रात्रभर निद्रापरीक्षेस बसवावें लागतें.

तथापि या निराशेनें यंत्राची साक्ष खोटी ठरली नाहीं. तिची मर्यादा तेवढी कळली. चेन यांच्या रोग्यापाशीं निदान कोणी जागें होतें. एकट्या निजणाऱ्यापाशीं कोणीच नसतें. त्याच्यासाठीं यंत्र रात्रभर जागतें. सकाळीं ती नोंद कोणी वाचली नाहीं, तर मात्र तें जागरण व्यर्थ होय.