न दुखणारा गुडघा

गुडघा निखळला की माणूस वेदनेने कळवळतो. पण सुजलेला, वेडावाकडा झालेला गुडघा घेऊन रुग्ण चालत आला आणि ‘फारसे दुखत नाही’ म्हणाला, तर? पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली अशा सांध्यांचे सविस्तर वर्णन केले.

हे रुग्ण ‘टेबीस डॉर्सालिस’ या विकाराने पीडित होते. सिफिलिसचा हा उशिरा दिसणारा परिणाम आहे, हे पुढे सिद्ध झाले. यात मज्जारज्जूच्या मागील भागातील तंतू झिजतात. पाय कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, ही जाणीव त्यांच्याकडूनच मेंदूला मिळते. तिच्याबरोबर वेदनाही बोथट होते.

निरोगी माणसाचे पाऊल वाकडे पडले, तर कळ येते आणि तो पाय जपतो. या रुग्णांना तो इशाराच मिळत नाही. ते चालत राहतात. अस्थिबंध सैल पडतात, हाडांच्या कडा झिजून तुटतात आणि अखेर सांधा जागेवरून सरकतो. मज्जारज्जूच्या बिघाडामुळे सांध्याचे पोषण बिघडते, असे शार्को यांचे मत होते. इतरांनी न जाणवणाऱ्या दुखापतींना दोष दिला. आज बधिर सांध्याला होणाऱ्या दुखापती आणि रक्तपुरवठ्यातील बदल या दोन्हींचा विचार केला जातो.

मूळ दोष मज्जातंतूंत असल्याने नुसता गुडघा बसवून भागत नाही. त्याला पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. कधी शस्त्रक्रियेने हाडे जोडून सांधा स्थिर करतात. निवडक रुग्णांत आता कृत्रिम सांधाही बसवतात.

चालण्याचे पुनर्शिक्षण मात्र स्वित्झर्लंडमधील डॉ. हाइनरिक फ्रेंकेल यांच्याकडून आले. बोट नाकाला लावण्याच्या चाचणीत त्यांचा एक रुग्ण नापास झाला. काही महिन्यांनी तो परतला, तेव्हा त्याला ते बरेच जमू लागले होते. ‘परीक्षेत’ उत्तीर्ण होण्यासाठी त्याने घरी सराव केला होता! यावरून फ्रेंकेल यांनी पायांचे सावकाश, मोजून, डोळ्यांनी पाहत करायचे व्यायाम आखले. हरवलेल्या जाणिवेचे काम डोळ्यांनी करायचे, हे त्यांचे सूत्र. १९०० साली त्यांचे पुस्तक निघाले. हे व्यायाम आजही शिकवले जातात.

आता अशा सांध्यांचे प्रमुख कारण मधुमेह आहे आणि बहुधा पाऊल बाधित होते. कुष्ठरोगातही हे घडते. वर्गात मुलांना डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगावे. ते सहज जमते, याचे श्रेय कोणाला, हा प्रश्न मग विचारावा. आणि न दुखणारी सूज क्षुल्लक समजू नये, हेही सांगावे.