कावसजीचं नाक

नाव पारशी वाटतं, पण इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे कावसजी शेतकरी जातीचा मराठा, त्यांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून बसला. हात गेला की कमाई जाते. नाक गेलं की माणसाला चारचौघांत बसवत नाही. शिक्षा म्हणून नाक कापत ते त्याचसाठी.

वर्षभरानंतर पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक दिलं. ही शस्त्रक्रिया मुंबईच्या क्रूसो आणि फिंडले या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून नाकाचा आकार द्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांमधली चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, रक्त खेळतं राहावं म्हणून. कातडीला पीळ देऊन ती खाली आणायची. वर कात लावलेल्या चिंध्या. चार दिवसांनी तुपाच्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी पट्टी कापायची. मी प्लास्टिक सर्जन. कपाळाचा हा फ्लॅप आयुष्यभर करत आलो. या वर्णनात मला फारसं काही खोडावंसं वाटत नाही.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने हे चित्रासकट छापलं. त्याच धड्यावरून सर्जन जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये नाक केलं. मासिकाने कारागिराचं नाव दिलं नाही, आणि नवं नाक लावून गावात फिरताना कावसजीला काय वाटलं, हेही त्यात नाही.

रोग्याच्या मनाचं बोलला तो बर्लिनचा सर्जन जाक जोसेफ. १८९८ मध्ये त्याच्याकडे आलेल्या माणसाचं नाक धडधाकट होतं, फक्त मोठं. लोक बघतात म्हणून तो खचलेला. जोसेफने नाक लहान केलं आणि रोगी आता मोकळेपणाने वावरतो, असं डॉक्टरांच्या सभेत सांगितलं. खरंच असेल. पण त्याआधीच, १८९१ मध्ये, इटलीच्या मानसोपचारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेलीने दुसरे रोगी नोंदले होते: चेहऱ्यात खोट नाही, तरी आपण कुरूप आहोत या विचाराने पोखरलेले. अशांना सुरीने क्वचितच बरं वाटतं. नाक झालं की हनुवटी खुपू लागते.

माझ्याकडेही ते येतात. मोबाइलवर फोटो मोठा करून उंचवटा दाखवतात. समोर बसलेल्या चेहऱ्यावर तो मला सापडत नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा म्हटलं की रागावतात. रागवा, पण भेटून या.