कर्ण आमचा नायक नाही : 'राजनीती' सिनेमाच्या निमित्ताने

प्रकाश झा यांचा 'राजनीती' हा सिनेमा ४ जून २०१० रोजी प्रदर्शित झाला. एका राजकीय घराण्यातली भाऊबंदकी, सत्तेसाठी पडणारे मुडदे आणि या सगळ्याला महाभारताचा साचा. नाना पाटेकरांचा ब्रिजगोपाल म्हणजे कृष्ण, मनोज बाजपेयींचा वीरेंद्र म्हणजे दुर्योधन, रणबीर कपूरचा समर म्हणजे अर्जुन आणि अजय देवगणचा सूरज म्हणजे कर्ण. महाभारतातला कर्ण सूताच्या घरी वाढतो. झा यांचा सूरज या घराण्याच्या दलित ड्रायव्हरच्या घरी वाढतो.

पडद्यावर दलित वस्तीचा एक ताठ मानेचा नेता दिसला म्हणून आपल्यातले अनेक तरुण खूश झाले. आजही कर्णाचे चित्र स्टेटसला ठेवणारे आपल्याच वस्तीत सापडतात. म्हणून हा सूरज नेमका कोण आहे, हे आपण नीट तपासले पाहिजे.

सूरज दलित नाहीच. तो त्या घराण्याच्या सुनेचा, भारतीचा, लग्नाआधीचा मुलगा. बदनामी नको म्हणून जन्मताच टाकून दिलेला. म्हणजे सिनेमाभर ज्याचे धाडस, नेतृत्व आणि स्वाभिमान आपण पाहतो, तो शेवटी निघतो सवर्ण आईच्या पोटचा. मग त्याला वाढवणाऱ्या दलित आईबापांच्या वाट्याला काय आले? पालनपोषण आणि आसवे. नेतृत्वाचे श्रेय रक्ताने नेले. जन्मावरून गुण ठरतात हा मनूचा सिद्धांत. तोच सिद्धांत इथे दलितांविषयीची सहानुभूती म्हणून विकला आहे.

कोणी म्हणेल, मूळ कथाच तशी आहे, दिग्दर्शक काय करणार? हे उत्तर आम्हाला पटत नाही. झा यांनी कुरुक्षेत्राची निवडणूक केली, रथांच्या गाड्या केल्या, सूताचा दलित केला. इतके सगळे बदलता आले. बदलले नाही ते फक्त रक्त.

आणि काळ कोणता होता? सिनेमा आला तेव्हा उत्तर प्रदेशात बहन मायावतींचे सरकार होते. २००७ च्या निवडणुकीत बहुजन समाज पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकून स्वबळावर सत्ता घेतली होती. त्याआधी ३ जून १९९५ रोजीच त्या पहिल्यांदा मुख्यमंत्री झाल्या होत्या. कुठल्याही राजघराण्याची हरवलेली मुलगी नसलेली एक दलित स्त्री देशातल्या सर्वात मोठ्या राज्याचा कारभार करत होती, आणि हिंदी सिनेमाला दलित नेता सुचला तो कुंतीच्या पोटचा! वास्तव पुढे गेले होते, पडदा मागेच राहिला होता.

कर्णाचा प्रश्न बाबासाहेबांसमोर लहानपणीच आला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगणारी ही पुस्तके आम्ही का वाचायची, असे भीमरावांनी विचारले. रामजींचे उत्तर असे होते : आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येऊ शकतो, तो जावा म्हणून वाचायचे. द्रोण आणि कर्ण लहान माणसे होती, पण किती उंचीवर गेली! मुलाला या युक्तिवादात थोडे बळ दिसले, पण समाधान झाले नाही. महाभारतातले एकही पात्र मला आवडत नाही, असे त्याने वडिलांना सांगितले. भीष्म-द्रोणांचा दुटप्पीपणा त्याला पटला नाही, कृष्णाचे कपट पटले नाही. त्याच्या मनाला उत्तर सापडले ते केळुस्कर गुरुजींनी भेट दिलेल्या बुद्धचरित्रात. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, म्हणून आपल्यातल्या अनेकांना ती माहीत नाही.

रामजींची भावना बापाची होती, तिचा आम्ही आदर करतो. पण कर्ण उंचीवर गेला तो कसा? दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिले म्हणून. सिनेमातही वीरेंद्र सूरजला पक्षात पद देतो आणि त्या उपकाराखाली सूरज त्याच्या खुनी डावपेचांचा हात बनतो. आपल्या वस्तीच्या प्रश्नावर उभा राहिलेला तरुण एका घराण्याच्या भांडणात प्यादे होतो. मालकाने दिलेली खुर्ची आणि त्या खुर्चीची परतफेड, हे कर्णाचे राजकारण आहे.

या राजकारणाला आपल्या इतिहासात ठिकाण आणि तारीख आहे. २४ सप्टेंबर १९३२, पुणे. गांधींच्या उपोषणाच्या दडपणाखाली झालेल्या करारात राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आमचा प्रतिनिधी कोण, हे ठरवताना आमच्या मतांपेक्षा इतरांची मते जड झाली. परिणाम १९५२ मध्ये दिसला. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब पडले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष हरतो आणि पक्षाने उभा केलेला उमेदवार जिंकतो. यात काजरोळकरांच्या जातीचा दोष नाही, दोष व्यवस्थेचा आहे. अंगदेश देणारा हात मोठा असला की घेणारा त्याचाच होतो.

मान्यवर कांशीरामजींनी हे अचूक ओळखले. पुणे कराराला ५० वर्षे झाली त्याच दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, त्यांनी 'चमचा युग' हे पुस्तक प्रसिद्ध केले. चमचा स्वतःहून हलत नाही, त्याला हलवणारा हात लागतो, हे त्यांचे म्हणणे. नुसती टीका करून ते थांबले नाहीत. बामसेफ, डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बसपा, अशी संघटना त्यांनी सायकली फिरवून, वर्गण्या गोळा करून उभी केली. कोणा दुर्योधनाकडे पद मागितले नाही. त्या पक्षाच्या पुढच्या तडजोडींवर आणि घसरणीवर आम्ही जरूर बोलू, पण खुर्ची स्वतः कमावता येते हे त्याने सिद्ध केले.

आता सिनेमाचा शेवट आठवा. ब्रिजगोपाल सांगतो आणि समर आपल्याच आईच्या मुलावर, सूरजवर गोळी झाडतो. सत्ता पुन्हा त्याच घराण्याकडे जाते, सून मुख्यमंत्री होते. ज्या वस्तीने सूरजला घडवले तिचे पुढे काय झाले, हे सिनेमा सांगत नाही. तिची मते हवी होती, ती मिळाली.

मराठीत शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून कर्णाला घराघरात नेले. अन्याय सोसणारा म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो, हे आम्ही समजू शकतो. पण कर्णाची तक्रार एवढीच आहे की मी क्षत्रिय असून मला सूत म्हटले. सूत म्हणून जन्मलेल्या माणसाचा मान त्याने कधी मागितला? आपली लढाई चुकून खालच्या जातीत पडलेल्या उच्चवर्णीयाची नाही. कोणाच्याही पोटी जन्मलेला माणूस माणूसच आहे, ही आपली लढाई आहे.

पुढच्या निवडणुकीत कोणी तुमच्या दारात अंगदेश घेऊन येईल, तेव्हा एवढेच विचारा : ही खुर्ची वस्तीने दिली की वाड्याने? उत्तर वाडा असेल तर ती खुर्ची नाकारायची हिंमत ठेवा. बाबासाहेबांनी कर्ण लहानपणीच नाकारला होता.

जय भीम!