खोलीचे तापमान

विज्ञानाच्या पुस्तकांतून 'खोलीचे तापमान' हा शब्दप्रयोग आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, पण ही खोली कोणाची, ती कोणत्या गावी आहे, आणि तिचे छप्पर कशाचे आहे, असा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. तो पडला २०१९ च्या मे महिन्यात, आणि तोही एक हार्ड डिस्क गमावल्यानंतर.

भामरागड तालुक्यातील एका आश्रमशाळेतले आमचे एक शिक्षकमित्र फावल्या वेळात माडिया म्हाताऱ्यांकडून रेला गीते आणि जुन्या हकिकती ध्वनिमुद्रित करीत. मुद्रण थेट संगणकावर होई, आणि प्रत्येक मुद्रणात आवाजामागे पंख्याची अखंड घरघर उतरे. जंगलातल्या रात्री ती फारच जाणवते. शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ ऐकायचे तर ही घरघर नको, म्हणून पंखा नसलेला, पूर्ण मूक संगणक त्यांना जुळवून देण्याचे आम्ही पत्करले. वीज बेभरवशाची, बॅटरीवर चालवायचा, म्हणून ३५ वॅटचा प्रोसेसर घेतला. त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा हीटसिंक बसवला आणि एकही पंखा ठेवला नाही.

अशा यंत्राचे गणित अगदी सोपे असते. हीटसिंकला एक अंक दिलेला असतो: एका वॅटमागे तो किती अंशांनी तापेल. आमचा अंक १.२ होता. ३५ ला १.२ ने गुणले की ४२ येतात. खोलीचे तापमान २२ धरले तर प्रोसेसर ६४ अंशांवर स्थिरावणार. त्याची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तेव्हा ३६ अंशांची मोकळीक उरली. आम्ही निर्धास्त झालो. ज्या तक्त्यांवरून हे शिकलो, त्यांत २२ हाच आकडा होता, आणि तो जसाच्या तसा उचलण्यात आपण काही करीत आहोत याची जाणीवही आम्हांस झाली नाही.

या आकड्याला इतिहास आहे, आणि त्यातला एक धागा विदर्भातूनच जातो. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजून ज्याने भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, तोच हा लॅम्बटन. नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी त्याला हिंगणघाटास मृत्यू आला. त्याची शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत, तंबूंच्या सावलीत अंथरली जाई, आणि पेट्यांतून तापमापक ठेवलेले असत. शंभर फूट पोलाद दर सेल्सिअस अंशामागे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. साडेसात मैलांत एका अंशाची चूक झाली तर ती सुमारे १४ सेंटिमीटर भरते. म्हणून तो उन्हाची नोंद ठेवी आणि मोजणीत दुरुस्ती करी. या देशाची हवा विलायतेची नाही, हे त्याच्या वहीत रोज लिहिले जात होते.

पुढे मात्र अशी नोंद ठेवण्यापेक्षा हवाच ठरवून टाकणे सोयीचे झाले. ब्रिटिश यार्ड ६२ अंश फॅरनहाइटला खरा मानला जाई, फ्रेंचांचा मीटर शून्य अंश सेल्सिअसला. १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजनमापे समितीने लांबीच्या औद्योगिक मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण ठरवले. अर्धवाहकांचे गुणधर्म छापताना २५ अंशांचा प्रघात पडला. प्रयोगशाळा जिथे होत्या तिथल्या सुखाच्या हवेतून हे आकडे आले, यात कट कोणाचाच नाही. पण २० अंशांची खोली चांदा-गडचिरोलीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे सापडते, इतकेच.

संगणक या भागात येण्याआधी अशी खोली बांधून घेत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या आणि १९६२ मध्ये टिफ्रॅक असे नाव मिळालेल्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्राभोवती वातानुकूलन हा चैनीचा भाग नसतो, यंत्राचाच भाग असतो. संगणक मेजावर आला तेव्हा ही खोली नाहीशी झाली नाही, आकसून एका पंख्याएवढी झाली. पंखा हा त्या वातानुकूलित दालनाचा शेवटचा अवशेष होय. तोही काढून टाकण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला. १९८० चा ॲपल थ्री पंख्याविना आला आणि आपल्या बिघाडांसाठीच लक्षात राहिला. २००० साली ॲपलने जी-फोर क्यूब काढला, त्यात तापलेली हवा आपोआप वर निघून जाई. वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबले, अर्थात त्यात किमतीचा वाटा मोठा होता. त्यानंतर पेंटियम-४ चे आकडे शंभर वॅटच्या पुढे गेले. २००४ मध्ये इंटेलने त्या घराण्यातला पुढचा प्रोसेसर सोडून दिला आणि दोन गाभ्यांच्या वाटेकडे वळली. उष्णतेने एका मोठ्या कंपनीला वाट बदलायला लावली, तिथे आमची काय कथा!

त्या मे महिन्याच्या अखेरीस चंद्रपुरास पारा ४८ अंशांवर गेला होता. जून २००७ च्या आरंभी तो ४९ ला टेकला होता. भामरागडकडे जंगलामुळे दोन-चार अंश कमी असतील, पण शिक्षकांच्या खोलीवर पत्रा होता. आत ४२ धरा. ४२ अधिक ४२ म्हणजे ८४, आणि वारा नसलेल्या पेटीत हवाच आणखी सात-आठ अंशांनी तापते, म्हणजे प्रोसेसर ९० च्या वर. एवढ्यानेही तो जळत नाही. मर्यादा जवळ आली की आजचे प्रोसेसर आपला वेग कमी करतात आणि फारच झाले तर स्वतःला बंद करतात. २००१ च्या सुमारास हीटसिंक निघताच क्षणात राख होणारे प्रोसेसर होते, तो काळ गेला. नेटके बोलायचे तर सतत ८० च्या आत ठेवावा, घटकाभर ९० झाल्यास घाबरू नये.

आमची चूक वेगळीच होती. सगळे गणित आम्ही प्रोसेसरचे केले आणि त्याच पेटीत शेजारी बसलेल्या हार्ड डिस्कला विसरलो. तिची मर्यादा साधारण ६० अंशांचीच असते. पंखा प्रोसेसरसाठी बसवतात असे आपण समजतो, पण जाता-येता तो डिस्कला, वीजपुरवठ्यातल्या कपॅसिटरांना, साऱ्या पेटीलाच वारा घालीत असतो. (अशा कपॅसिटरांचे आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मे होते, असा ठोकताळा आहे.) एके दुपारी फोन आला, "भाऊ, पेटीला हात लावू देईना." आम्ही म्हणालो, हीटसिंक तापायचाच, प्रोसेसर सांभाळून घेईल. प्रोसेसरने खरोखरच सांभाळून घेतले. चार दिवसांनी डिस्क वाचता येईना. गुगलच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवले होते की तापमान आणि डिस्कचे मरण यांचा संबंध समजतो तितका सरळ नाही. पण तो अभ्यास त्यांच्या दालनांतल्या डिस्कांचा होता, पत्र्याखालच्या बंद पेटीचा नव्हे.

या साऱ्यात एक गोष्ट आम्हांस अजून खुपते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. कोळशातल्या उष्णतेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वीज न होता थंडाव्याच्या मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून इथल्याच हवेत जाते, आणि थंडाव्यासाठी लागणारे पाणी इरई धरणाचे. तयार झालेल्या विजेचा मोठा भाग १९९९ पासून ७५२ किलोमीटरच्या उच्चदाब एकदिश वाहिनीने मुंबईजवळच्या पडघ्याला पोचतो. तक्त्यांतली २२ अंशांची खोली तिकडे आहे. शहराच्या उन्हाळ्याला केवळ हे केंद्र कारण आहे असे आम्ही म्हणत नाही, चांद्याचा उन्हाळा त्याच्या आधीपासून प्रसिद्ध आहे. पण हिशेब मांडायचा तर हा रकानाही मांडला पाहिजे.

उन्हाळ्यात रांजणाला ओले फडके गुंडाळावे, दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडावे, हे इथल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शास्त्र आहे. आवाज न करता थंडावा आणण्याचा याहून जुना उपाय आम्हांस ठाऊक नाही. संगणकाला पाणी चालत नाही, पण ताटीमागची खोली चालते. शिक्षकमित्रांनी नंतर पेटी तशाच एका खोलीत हलवली. आम्ही तिच्यात फिरती डिस्क न ठेवता घन स्मृतीची बसवली, आणि लाज बाजूला ठेवून बारा सेंटिमीटरचा एक पंखाही बसवला. तो १२ ऐवजी ५ व्होल्टवर चालतो, कान लावल्याखेरीज ऐकू येत नाही. मुद्रणाच्या वेळी एका बटणाने तो बंद करता येतो, तेवढ्या वेळात पेटी फारशी तापत नाही.

मूक संगणकावर झालेली सात मुद्रणे गेली. ज्या दोन आजींचा आवाज त्यांत होता, त्यांतील एक पुढच्याच पावसाळ्यात वारल्या. त्यांचे आता एकच गीत उरले आहे. ते जुन्या यंत्रावरचे, म्हणून सीडीवर उतरवून ठेवलेले होते, आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पंखा ऐकू येतो.